वीणेचा सूर सारखा उतरतोय? खुंटी ठोकण्याआधी हे पाहा

आमच्या गंगाखेडच्या पट्ट्यात सप्ताहांचा हंगाम सुरू झाला की मला येणारे निम्मे फोन एकाच तक्रारीचे असतात. "भाऊ, वीणा लावली की पाच मिनिटांत उतरायली बगा." मी विचारतो, केली कुणी? उत्तर ठरलेलं. गावातच केली, आमच्या आज्याची जुनी होती, ती पाहून.

माझीही पहिली वीणा तशीच झाली. २०१५ च्या दिवाळीनंतर वर्तमानपत्राचे कागद एकमेकांना चिकटवले आणि त्यावर आजोबांच्या वीणेची कड पेन्सिलने उतरवून घेतली. दांडीचा घेर सुती दोऱ्याने मोजला. घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात तिच्या) माथ्याचा उतार काही केल्या मोजता येईना, म्हणून कपड्याच्या साबणाच्या ओल्या वडीवर तिचा ठसा घेतला. वीणा हुबेहूब झाली. भजनी मंडळातल्या दोघांनी तर जुनी समजून तीच उचलली. पुढच्या उन्हाळ्यात मात्र तिच्यावर एक सूर टिकेना, आणि शेजारी भिंतीला टांगलेली जुनी वीणा जशीच्या तशी. तेव्हापासून माझ्या सात आणि लोकांच्या कितीतरी वीणा या एकाच दुखण्यासाठी उघडून पाहिल्या. त्यात जे कळलं ते इथे लिहितोय.

वीणा म्हणजे कीर्तनातली, गळ्यात अडकवून उभ्याने छेडायची, चार तारांची. छोटा तानपुराच म्हणा. खाली भोपळा, त्याच्या तोंडावरची पातळ लाकडी फळी म्हणजे तबली, तिच्यावर घोडी उभी. दांडी भोपळ्याला मिळते तो गळा, आणि तारेत ओवलेले, सूर बारीक लावायचे ते मणी. एकतारीलाही यातलं बरंच लागू पडतं. तुणतुण्याला तळाशी चामडं असतं, त्याचं गणित वेगळं आहे, ते इथे घेतलेलं नाही.

लक्षणं

"सूर उतरतो" एवढ्यावर काही कळत नाही. कसा उतरतो ते पाहा.

– एकच तार उतरते, बाकी तीन जागेवर. दोष त्या तारेचा, तिच्या गाठीचा किंवा तिच्या खुंटीचा.
– चारही तारा थोड्याफार सारख्याच उतरतात. खुंट्यांना दोष देऊ नका, चार खुंट्या एकाच वेळी सारख्या बिघडत नाहीत. घोडी, तबली, गळ्याचा सांधा किंवा मग हवा.
– दुपारी उतरते आणि पहाटे आपोआप चढते. हा बिघाड नाहीच.
– हळूहळू न उतरता "टक्" असा बारीक आवाज होऊन एकदम घसरते. बहुतेक वेळा खुंटी, कधी मणी.
– खुंटी फिरवली तरी सूर हलत नाही, आणि मग एकदम उडी मारतो. तार वरच्या पट्टीच्या (खुंट्यांच्या अलीकडच्या आडव्या तुकड्याच्या) खाचेत अडकतेय.
– सूरही गेला आणि जवारीही (तारेचा घुमता, झणझणता नाद) गेली, आवाज ठोकळ्यासारखा आला. घोडी हलली किंवा तबली बसली. हे लक्षण दिसलं की लगेच तारा थोड्या उतरवा, बाकीचं नंतर वाचा.

आधी एक दिवस काही करू नका

लोकांना हेच जमत नाही. सूर उतरला की हात खुंटीकडे जातो.

पहाटे पाच-साडेपाचला वीणा नीट लावा आणि सावलीत टांगून ठेवा. मग दुपारी बारा, तीन, संध्याकाळी सात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, अशा वेळी प्रत्येक तार किती उतरली ते फोनवरच्या ट्यूनरवर पाहून कागदावर लिहा. खुंटीला मधे अजिबात हात लावायचा नाही. ट्यूनरवर पेटीच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत (काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून) १०० सेंट असतात, तेवढं माहीत असलं की पुरे.

तार तापली की लांबते, लांबली की तिचा ताण कमी होतो, आणि ताण कमी झाला की सूर खाली येतो. दांडीचं लाकूडही तापतं, पण लांबीच्या दिशेने ते फारच थोडं पसरतं, त्यामुळे तारेचं लांबणं भरून निघत नाही. पितळ पोलादाच्या दीडपटीहून जास्त पसरतं. शिवाय खर्जाची (सगळ्यात खालच्या सुराची) पितळी तार मुळातच सैल असते, म्हणून थोडं लांबलं तरी तिच्या ताणात मोठा फरक पडतो. माझ्या वीणेवर दहा अंशांच्या फरकाला पोलादी तार चाळीसेक सेंट उतरते आणि खर्ज त्याच्या दुपटीहून जास्त. परभणी जिल्ह्यात डिसेंबरात पारा एक आकडी होतो आणि मे महिन्यात ४२-४३ वर जातो. मे महिन्यातच पहाटेची आणि दुपारची हवा पंधरा अंशांनी वेगळी असते. काकड्याला लावलेली वीणा दुपारच्या गाथा भजनाला तशीच सुरात राहील ही अपेक्षाच चुकीची.

आता कागद पाहा. दुसऱ्या पहाटे सूर आपोआप मूळ जागी आला असेल, तर तुमच्या वीणेत काही बिघाड नाही. पहाऱ्याच्या (वीणा घेऊन उभं राहायच्या पाळीच्या) वेळी पुन्हा लावायची आणि गप्प बसायचं. सूर परत आला नसेल तर कुठेतरी काहीतरी सरकलंय, मग पुढे वाचा. मला आलेल्या तक्रारींपैकी कित्येक इथेच संपल्या. त्यात एक वीणा तर मंडपात कूलरच्या तोंडाशी टांगलेली होती. कूलरची ओली गार हवा तासभर, मग वीज गेली की पत्र्याखालची भट्टी, मग पुन्हा कूलर. जागा बदलली, तक्रार संपली.

पट्टी कोणती?

पुढचा प्रश्नही फुकटातला. वीणा कोणत्या पट्टीसाठी, म्हणजे पेटीचा कोणता सूर सा धरून केली आणि आता कोणत्या पट्टीला चढवताय?

जुन्या वीणेवरून नवी करताना आपण तारांची जाडीही तीच घेतो. आजोबांचं भजन काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) असेल, आणि आजच्या गायकाला काळी तीन लागते. तीच तार काळी एकवरून काळी तीनला नेली तर तिच्यावरचा ताण पावणेदोन पट होतो. सूर वाढतो त्याच्या वर्गाच्या पटीत ताण वाढतो, म्हणून. चार तारांचा एवढा जादा भार खुंट्या, घोडी, तबली, गळा सगळ्यांनी सोसायचा. ज्या खुंटीचा बसाव जेमतेम आहे ती सुटणारच. इथे लाकडाला हात लावण्यापेक्षा एक-दोन नंबर बारीक तार लावा. दुकानात जाताना जुन्या तारेचा तुकडा सोबत न्या. "वीणेची तार द्या" म्हटलं की जी हाताला येईल ती मिळते.

तार आणि तिची खालची गाठ

नवी तार पहिले दोन दिवस उतरणारच, कारण वेढे आणि गाठ आवळून बसायला वेळ लागतो. तार लावल्यावर मधोमध बोटाने हलकेच दोन-चार वेळा उचला, पुन्हा सुरात आणा, पुन्हा उचला. पाचसहा वेळा केलं की बरीचशी बसते. महिनाभर जुन्या तारेवर काळे-तांबूस डाग असतील तर बदला. विणेकऱ्याच्या घामाने पोलाद खातं आणि अशी तार एकसारखी वाजतच नाही. बदलताना एका वेळी एकच तार काढा. चारही एकदम सोडल्या की घोडी खाली पडते, आणि तिची नेमकी जागा कुणाच्याच लक्षात नसते.

खुंटीवर तीन-चार वेढे पुरेत, शेजारी शेजारी. एकावर एक चढलेले वेढे आत घसरतात आणि खुंटी जागची हलली नसतानाही सूर पडतो.

खालची गाठ मात्र कुणी पाहत नाही. तार तळाच्या लंगोटाला (भोपळ्याच्या बुडाशी तारा अडकवायच्या तुकड्याला) जिथे अडकवतो तिथे फास घालून तार स्वतःभोवती पिळतात. हा पीळ सैल असला तर ताण आला की केसाकेसाने उलगडत जातो.

एका सप्ताहात रात्री दोन वाजता मला उठवायला माणूस आला. वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा-घेणारा एकमेकांना नमस्कार करतात, तेवढाच काय तो खंड. त्यामुळे दुरुस्ती करायची तीही उभ्या माणसाच्या गळ्यात. पहाऱ्यावरचे काका बिचारे एका हाताने खुंटी दाबून धरून उभे. "माउली, ही खुंटी धरंनाच झाली." त्याआधीच्या दोन पहाऱ्यांत तिघांनी ती खुंटी पिळून पिळून आत बसवली होती. मी गुडघे टेकून, मोबाईलचा उजेड तोंडात धरून भोपळ्याखाली पाहिलं तर खुंटी ठणठणीत होती. लंगोटाशी तारेचा पीळ चारपैकी दीडच उरलेला, आणि मी पाहता पाहता तोही अर्ध्या वळशाने फिरला. तार उतरवली, पक्कडीने सहा घट्ट पीळ दिले, टोक दुमडलं. काकांनी वीणा गळ्यातून काढली नाही आणि तोंडातला "ज्ञानोबा-तुकाराम"ही थांबवला नाही. पाच मिनिटांचं काम. तिघांनी पिळलेली ती खुंटी मात्र पावसाळ्यात अशी काही फुगली की शेवटी कापून काढावी लागली.

म्हणून माझा क्रम खालून वर. आधी गाठ, मग मणी, मग वरची पट्टी, आणि खुंटी शेवटी.

मणी आणि वरची पट्टी

मणी घोडीच्या खालच्या बाजूला असतात. खाली सरकवले की सूर थोडा चढतो. जुन्या वीणांचे मणी हाडाचे किंवा हस्तिदंती असत. आपण बाजारातला प्लॅस्टिकचा गुळगुळीत मणी घालतो, तो वीणा छेडली की हळूहळू वर पळतो. मण्याखाली तारेवर पेनाची खूण करा, अर्ध्या तासाने पाहा. पळत असेल तर त्याच्या भोकात सुती दोऱ्याचा एक धागा अडकवा, किंवा लाकडाचा मणी करून घाला.

वरची पट्टी म्हणजे खुंट्यांच्या अलीकडची, जिच्या खाचेवरून तारा जातात ती. खाच अरुंद असेल तर तार तिच्यात अडकते. तुम्ही खुंटी फिरवता, ताण खुंटी आणि पट्टीच्या मधेच साठतो, आणि छेडताना तो एकदम पलीकडे जातो. मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा. तेल नको, तेल लाकडात उतरतं आणि पुढे खुंटीपर्यंत पोचतं. शिशाने भागलं नाही तर बारीक कानशीने खाच किंचित रुंद करा. खोल करायची नाही, रुंद. खोल झाली की तार दांडीला लागते आणि नवी पट्टी बसवावी लागते.

खुंटी

आता खुंटी. इथे जरा बसून बोलायला हवं.

खुंटी निमुळती असते आणि भोकही निमुळतं. दोघांचा उतार एकच असेल तर खुंटी सगळीकडून लाकडाला टेकते आणि ते घर्षणच तिला धरून ठेवतं. स्क्रू नाही, खिळा नाही, काही नाही. त्यामुळे उतार जरा जुळला नाही की ती एकाच कड्यावर टेकते आणि तेवढ्यावर चाळीस वर्षांच्या विणेकऱ्याच्या बोटांचे झटके सहन करायला लागतात.

करताना उतार जुळला होता तर मग बिघडला कसा? लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. खोडाच्या कड्यांच्या दिशेने ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. म्हणजे ओल्या लाकडाची खुंटी तुम्ही कितीही गोल कातली तरी वाळल्यावर ती अंडाकृती होते. भोकाचंही तेच. मग फिरवताना एका जागी घट्ट, पाव फेऱ्यावर सैल. तुमची खुंटी असं करत असेल तर कारण सापडलं म्हणून समजा.

माझ्या पहिल्या वीणेचं हेच झालं, पण ते मला तेव्हा कळलं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये खर्जाची खुंटी धरेना म्हणून मी तिच्यावर रुमाल ठेवून हातोडी मारली. दोन टोले. खुंटी बसली, सूरही लागला. रात्री झोपेत ओसरीवरून "कट्" असा आवाज आला. सकाळी पाहिलं तर खुंटीच्या भोकापासून दांडीवर चार बोटं लांब चीर. निमुळती खुंटी म्हणजे पाचरच, आणि पाचर लाकूड फोडायलाच असते, हे सुताराच्या पोराला कळायला नको?

त्या महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, आणि मी वीणा गोधडीत गुंडाळून उलटा मिरजेला निघालो होतो. तिथल्या सतार-तानपुरे करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने चिरेकडे पाहिलंही नाही. खुंटी काढली, नाकाशी धरली, बोटाने फिरवली.

"लाकूड कधी कापलं?"

"दिवाळीला आणलं, चाचा. सॉ मिलवरून. चांगलं सागवान आहे."

"चांगलं आहे. पण अजून झाडच आहे ते."

आजोबांच्या वीणेचा आकार मी कागदावर उतरवला होता, तिने भिंतीवर काढलेले उन्हाळे-पावसाळे उतरवता येत नव्हते. सुतारांचा ठोकताळा इंचाला वर्ष असा आहे, म्हणजे एक इंच जाडीची फळी सावलीत वर्षभर वाळवायची. मी आता त्याच्या दुप्पट थांबतो, आणि खुंट्यांसाठी पाडलेल्या जुन्या वाड्याचं शिसवी किंवा सागवानी लाकूड मिळतंय का पाहतो. खिडकीच्या मोडक्या चौकटीतून सहा खुंट्या निघतात.

तर खुंटी तपासायची कशी. तार सैल करून खुंटी बाहेर काढा आणि तिच्या अंगाकडे पाहा. जिथे ती टेकते तिथे चकाकी असते. वर आणि खाली दोन पूर्ण कडी चकाकत असतील तर बसाव ठीक आहे, नुसती पकड कमी झाली आहे. शाळेतला पांढरा खडू घ्या, चकाकणाऱ्या भागावर घासा, खुंटी घालून चारदा फिरवा. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं. उलट पावसाळ्यात खुंटी फुगून घट्ट बसली असेल तर कोरड्या साबणाची वडी एकदाच फिरवायची आणि वरून खडू. साबण सरकवतो, खडू धरतो, दोन्हींचा मेळ हाताला कळायला दोनतीन वेळा लागतात. लावताना खुंटी नुसती फिरवायची नाही, फिरवता फिरवता तळहाताने आत दाबायची. निम्म्या विणेकऱ्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

चकाकी अर्धवट असेल, एका अंगाला आहे आणि दुसऱ्या अंगाला नाही, किंवा फक्त वरच्या कड्यावर आहे, तर बसाव बिघडलाय. खुंटीवर खडू लावून एक फेरी फिरवा, बाहेर काढा. जिथला खडू पुसला गेला तो उंचवटा. तेवढ्याच जागी बारीक पॉलिश पेपरने दोन-तीन हात मारा, पुन्हा खडू, पुन्हा पाहा. धीराचं काम आहे. एक खुंटी बसवायला मला अजून तास लागतो. घासायची ती खुंटी. भोकाला हात लावू नका. खुंटी बिघडली तर दुसरी कातता येते, भोक मोठं झालं तर दांडीच गेली.

भोक अंडाकृती झालं असेल, किंवा भोकापासून केसाएवढीही चीर निघाली असेल, तर इथे थांबा. कागदाची घडी घालून, चिंधी गुंडाळून किंवा फटीत गोंद ओतून सप्ताह निभावता येईल, मीही निभावलाय. पण गोंद ओतलेलं भोक पुढे कारागिराला साफ करता येत नाही आणि तो दुप्पट पैसे घेतो, ते बरोबरच घेतो.

घोडी

चारही तारा उतरल्या असतील तर घोडीच्या पायांभोवती पेन्सिलने बारीक रेघ मारा. दुसऱ्या दिवशी पाय रेघेच्या आत किंवा बाहेर दिसला तर घोडी सरकतेय. घोडी तबलीवर तारांच्या दाबाने उभी असते. पाय तबलीच्या गोलाईला नीट बसले नसतील तर ती हळूहळू कलते. घरी नवी केलेली घोडी बहुधा सपाट पायांची असते आणि तबली मधे फुगीर, त्यामुळे पायांच्या टोकांखाली फट राहते. तबलीवर पॉलिश पेपर उपडा ठेवून, खडबडीत बाजू वर करून, त्यावर घोडीचे पाय पुढे-मागे घासले की त्यांना तबलीचाच आकार येतो. दहा मिनिटांचं काम.

फक्त पाय. माथ्याला पॉलिश पेपर लावायचा नाही. जवारी माथ्यावर असते आणि ती काढणं हे वेगळं शास्त्र आहे. मी गेली आठ वर्षं शिकतोय आणि अजून माझ्या हातची जवारी मला दर वेळी पटतेच असं नाही.

गळा, तबली, भोपळा

इथून पुढे फक्त पाहायचं, करायचं काही नाही.

दांडी भोपळ्याला जिथे जोडली जाते त्या गळ्याच्या सांध्यात एसटीचं तिकीट सरकवून पाहा. तारा चढवलेल्या असताना तिकीट आत गेलं तर सांधा उघडतोय. दर महिन्याला दांडीच्या मध्यावर तार दांडीपासून किती उंच आहे ते मोजून लिहीत जा. ती उंची वाढत असेल तर दांडी पुढे झुकतेय, आणि सूर रोज थोडा थोडा उतरण्याचं तेच कारण. माझी तिसरी वीणा अशी गेली. मी गळा सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने जोडला होता. खुर्चीला चालतो तो, पण सतत ताणाखाली तो हळूहळू सरकतो आणि उन्हात तापला की मऊ पडतो. उन्हात उभ्या जीपच्या मागच्या सीटवर वीणा तीन तास राहिली आणि दांडी डोळ्यांना दिसेल एवढी वाकली. जुन्या वीणांत सरस (जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद) वापरलेला असे. सरसाचा सांधा सुटला तरी वाफेने सोडवून पुन्हा जोडता येतो.

तबलीसाठी लोखंडी फूटपट्टी तिच्यावर आडवी उभी धरा आणि पलीकडून बॅटरी मारा. निरोगी तबलीच्या मध्याला पट्टी टेकते आणि दोन्ही कडांना उजेड दिसतो. घोडीजवळ मधे उजेड दिसला तर तबली बसली. कोरड्या हवेत थोडी बसणं आणि पावसाळ्यात पुन्हा फुगणं चालायचंच, पण श्रावण संपला तरी खड्डा तसाच असेल तर आतून आधार द्यावा लागतो, म्हणजे तबली उघडावी लागते. भोपळ्यावरची चीर किंवा खाली पडणारी पिवळसर भुकटीही याच खात्यात. भुकटी म्हणजे कीड.

यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी चारही तारा तीन-चार स्वरांनी उतरवा आणि वाद्यकारागिराकडे जा. गावातला सुतार कितीही हातखंडा असला तरी नको, हे मी सुताराच्या घरातला असून सांगतोय. आम्हाला सांधा मजबूत करता येतो, वाद्याला मात्र मोकळं राहू देणाराच हात लागतो. पेटी-तबल्याच्या दुकानात "करून देतो" म्हणणारे भेटतील. त्यांना एकच विचारा, तबली कशाने चिकटवणार? झटपट चिकटणाऱ्या डिंकाचं नाव घेतलं तर वीणा परत गवसणीत घाला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्याची त्यांना सवय आहे. एवढं लांब जायचं तर एका खेपेत सगळं दाखवून घ्या.

नेताना तारा पूर्ण काढू नका, सैल करा. घोडीच्या खाली-वर मऊ फडक्याची घडी घालून वरून सुताने बांधा. एसटीच्या टपावर नाही, मांडीवर. गवसणीच्या खिशात तीन गोष्टी ठेवा: पहिल्या दिवशीचा तो सूर उतरल्याचा कागद, जुन्या तारांचे तुकडे, आणि वीणा कोणत्या पट्टीत लागते त्याची चिठ्ठी. मिरजेच्या चाचांनी दुसऱ्या खेपेला माझा कागद वाचला आणि वीणा न उघडताच म्हणाले, "गळा."